बहात्तर सेंटिमीटर

"ओकूचा असात तर त्या बाजूक ओका, बाई. वारो हयसून वाता, सगळा माझ्या तोंडार येतला," बाबल तांडेल म्हणाला.

मी निमूट त्या बाजूला सरकले. होडी चालत होती तोवर माझं पोट ताळ्यावर होतं. सुरंगवाडीच्या खाडीमुखाशी नांगर टाकून ती जागच्या जागी डुलायला लागली आणि सकाळी खाल्लेली घावनं घशाशी आली. इचलकरंजीत वाढलेल्या मुलीनं समुद्राच्या तळाचा अभ्यास करायला घेतला होता. पोटाला ते कुणी विचारलं नव्हतं.

"तिका चिडवू नको रे," पाण्यातून शेवंताकाकी ओरडली. "पयल्यांदा तूय ओकलंस. तुजो बापूस सांगी."

"मी तेवा चार वर्सांचो होतंय!"

"मगे हीपण समुद्रात चार दिसांचीच आसा."

शेवंता कुबल साठी ओलांडलेली बाई. ओहोटी संपत आली होती, आणि ती लुगडं वर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, टाचेनं तळ चाचपत. त्या पट्ट्यात वाडीच्या सत्तावीस बायका तिसऱ्या आणि खुबे काढायच्या. टाचेला शिंपला लागला की वाकायचं, उचलायचा, कमरेच्या टोपलीत टाकायचा. बाकीच्या बायका कधी रिकाम्याच वाकायच्या. ही उगीच वाकलेली मी चार दिवसांत पाहिली नाही.

तिथंच एका कंपनीला जेटी बांधायची होती. बायकांनी हरकत घेतली, समिती बसली, आणि समितीनं एक प्रश्न पक्का केला. या जागी पूर्वी कांदळवन होतं का? होतं असं सिद्ध झालं तर जेटी पलीकडच्या काठाला जाईल आणि हा पट्टा तसाच राखला जाईल. नसलं तर जेटी इथंच. हे तपासायचं काम आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे आलं, म्हणजे निमकर मॅडमकडे, आणि मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असल्यामुळे होडीतलं सगळं माझ्याकडे. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला दहा महिने झाले होते.

"पूर्वा, तू मातयेत काय शोधतंस ता तरी माका कळांदे," काकी होडीच्या काठाला हात टेकून म्हणाली.

"परागकण, काकी. फुलात पिवळी पूड असते ना, ती."

"ती कुसत नाय?"

"नाही. तिचं कवच फार चिवट असतं. आम्ही आम्लात वाळू विरघळवतो, तरी ते कवच तसंच राहतं. हजारो वर्षं राहतं. नदी ती पूड वाहून आणते. इथं खारं पाणी लागलं की चिखलाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तिला घेऊन तळाशी बसतात. पण पाणी संथ हवं. लाटा असतील तिथं वाळू तेवढी उरते, हलकं सगळं पुढं निघून जातं."

"सुपात पाखडल्यासारख्या," ती म्हणाली. "जड ता ऱ्हवता, हलक्या ता उडता."

मी दोन वर्षं जे शिकले होते ते तिनं एका सुपात बसवलं.

"मगे रेतयेत काय गावतला तुका?" तिनं लगेच विचारलं. "रेती तर पाखडलेलीच मा? ही रेती पयली नव्हती हय. थय तो दगडी धक्को बांधल्यानी, मगे इली. हेच्या खाली खुब्यांच्यो कवट्यो. तेच्या खाली काळो चिखल. तो खरो. माझी सासू सांगी, हय चिपीचा रान होता. चुन्याच्या भट्टयेसाठी तोडल्यानी सगळा. तिणा स्वता मोळयो न्हेल्यान डोक्यार."

"तुम्ही पाहिलीत झाडं?"

"मी लगीन होऊन इलंय तेवा दोन होती. मगे तीपण गेली." तिनं पायानं तळावर एक रेघ ओढल्यासारखं केलं. "चिपयेचा फूल रातचा फुलता. सकाळी बघशीत तर केसर सगळे चिखलात. झाडाखालीच. लांब खय जातत ते?"

हे मला पुस्तकात वाचावं लागलं होतं. चिपी हे कांदळवनातलंच एक झाड; तिचे परागकण वटवाघळं नेतात, वाऱ्यावर ते फारसे उडत नाहीत. म्हणून गाळात ते मिळायचे तर झाडाच्या पायाशीच मिळतात. जागा चार हात चुकली तरी हाती काही लागत नाही. आणि जागा दाखवायला आमच्याकडे या बाईच्या टाचेशिवाय दुसरं काही नव्हतं.

"ही," ती म्हणाली. "हय घाल तुजो पाइप."

तीन पाइप घेऊन आम्ही आलो होतो. प्लास्टिकचे, मनगटाएवढे जाड, दीड मीटर लांब. ते उभे तळात ठोकायचे, वरून झाकण लावून हवा बंद करायची आणि आतल्या गाळासकट उपसून काढायचे. दोन आदल्या दोन दिवसांत ठोकताना चिरले होते. बाबल पाण्यात उतरला, पाइपच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि घण उचलला. दर दहा घावांनी मी टेप लावून बघत होते. वीस सेंटिमीटर. चाळीस. साठ. वाळूत पाइप लोण्यासारखा चालला होता.

बहात्तरवर आवाज बदलला. घण उसळून परत आला.

"लागलो खडक," बाबल म्हणाला.

"खडक खयलो हय!" काकी पुढं आली. "खुब्यांचो थर तो. आजून चार घण घाल, फुटतलो."

"आणि पाइपच फुटलो तर? शेवटचो आसा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

पाणी फिरलं होतं. काकीच्या कमरेवरचं पाणी आता बरगडीला लागत होतं. माझी हैदराबादची मुलाखत चौथ्या दिवशी होती, संशोधनाच्या जागेची. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. पाइप फुटला तर नवे कोल्हापूरहून मागवायचे. एवढी खोल ओहोटी पुन्हा पंधरा दिवसांनी. तोवर पावसाळ्यासाठी होड्या वर ओढलेल्या असणार, म्हणजे थेट ऑक्टोबर. आणि माझ्या तोंडात आंबट पाणी आलं होतं.

"पुरे," मी म्हणाले. "काढा वर."

"बाय, हातभर गो. हातभर खाली आसा ता."

"काकी, आम्हाला लागतो तेवढा गाळ मिळालाय."

ती मागं सरकली. माझ्या हातात टेप होती, वही होती. तिनंच दोरीला खांदा लावला, बाबलनं दोन शिव्या दिल्या, आणि पाइप वर आला. मी त्याची दोन्ही टोकं बंद केली, वर-खालचे बाण काढले आणि वहीत लिहिलं: "७२ सें.मी. कठीण तळ."

किनाऱ्याला लागल्यावर काकीनं मला कागदाच्या पुडीत आल्याचे तुकडे दिले. "चघळीत ऱ्हव. आणि गावला काय माका कळव हां. भाच्याचो फोन आसा, बाबलाकडे नंबर गावतलो." मग जरा थांबून, "सासूचा नाव येतला काय गो तुज्या कागदात? जानकी कुबल."

"अहवालात नावं नसतात, काकी."

"नसांदे. रान येऊक होया."

*

हैदराबादला माझी निवड झाली. एक जुलैला रुजू व्हायचं होतं. परत येऊन मी तीन आठवडे सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले. पाइपमधल्या गाळाचे आठ नमुने केले होते. अशा नमुन्यात आम्ही परक्या मुलखातल्या एका वनस्पतीचे मोजून घेतलेले बीजाणू मुद्दाम मिसळतो; ते किती दिसले आणि आपले कण किती दिसले यावरून मूळ गाळात कण दाट होते की विरळ ते कळतं. माझ्या काचपट्ट्यांवर परके बीजाणूच बीजाणू होते. चौदाशे मोजले. त्यात आपले कण एकसष्ट. गवताचे, सुरूचे, माडाचे, नेच्यांचे काही बीजाणू. चिपी शून्य.

निमकर मॅडमनी आकड्यांचा कागद दोनदा वाचला. लेबलवर तारीख नाही म्हणून एकाचा अख्खा प्रबंध त्यांनी परत पाठवला होता, हे आमच्या विभागात सगळ्यांना माहीत होतं.

"चिपी एकही नाही?"

"नाही मॅडम."

"ही सगळी वाळूच आहे, पूर्वा. वाळूत नाही मिळालं म्हणजे नव्हतं, असं म्हणता येत नाही. वाळूत कोण राहणार आहे? खाली काय होतं?"

"कठीण तळ. वहीत लिहिलंय मी."

"ते वाचलं. कठीण म्हणजे काय? खडक की दुसरं काही?"

टेबलावरच्या कागदाचा कोपरा पंख्यानं उडत होता. त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"खडक," मी म्हणाले.

"नक्की?"

"बाबलही खडकच म्हणाला."

हे खरं होतं, म्हणून ते तोंडातून सहज आलं.

"आणि त्या बाई? जाणकार आहेत म्हणाली होतीस."

"त्यांनी जागा दाखवली फक्त."

मॅडमनी चष्मा काढला. "मग प्रश्नच मिटला. खडकावर एवढाच गाळ, आणि तो सगळा आपण बघितला. रान असलंच तर दुसरीकडे कुठंतरी असेल. बाईंची जागा चुकली. वय झालं की होतं असं." त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. "लिही."

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: "स्थानिकांनी दर्शवलेल्या जागी, खडकापर्यंतच्या संपूर्ण गाळात कांदळवनाचे परागकण आढळले नाहीत." 'खडकापर्यंतच्या' हा शब्द टाइप करताना मी थांबले होते, असं मला आता आठवतं. खरं तर थांबले नसेन. हे सगळं होऊन अकरा वर्षं झालीत, आणि आपण कुठंतरी थांबलो होतो असं आठवायला बरं वाटतं.

सप्टेंबरात बाबलचा फोन आला. मी तेव्हा हैदराबादच्या होस्टेलच्या जिन्यात होते.

"बाई, तुमचो कागद वाचल्यानी मिटिंगेत. जेटी हयच होतली."

"अरेरे," मी म्हणाले. "शेवंताकाकी काय म्हणाल्या?"

"काय म्हणतली? सायबान विचारल्यान, जागा कोणी दाखवल्यान? तिणा हात वर केल्यान. मगे गप बसली."

मी भाच्याचा नंबर मागून घेतला, फोनमध्ये साठवला, आणि त्यावर कधी फोन केला नाही.

*

तीन वर्षांनी, एप्रिलमध्ये, निमकर मॅडमकडून एक खोकं आलं. त्या निवृत्त झाल्या होत्या. खोक्यात लोणच्याची काचेची बरणी, तिच्यात मूठभर काळा चिखल, आणि चिठ्ठी: "जेटीचे खांब रोवायला भोकं पाडली तेव्हा हा निघाला. बाबलनं तेव्हाच भरून ठेवला होता, परवा आणून दिला. माझे डोळे आता तेवढे चालत नाहीत. तू बघ."

बरणी उघडली तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास आला. खाडीतल्या बंद, संथ चिखलाचा वास. त्यात केसांसारखी मुळं होती.

नमुना तयार व्हायला चार दिवस लागतात. पाचव्या दिवशी सकाळी मी पहिली काचपट्टी लावली. चिपीचा परागकण ओळखायला सोपा. लांबट, दोन्ही टोकांना गुळगुळीत टोप्या घातल्यासारखा, मधला पट्टा खरबरीत आणि त्याला तीन फुगीर छिद्रं. पहिल्याच नजरेत तीन होते. मी मोजत गेले. परके बीजाणू शोधावे लागत होते, इतके आपले कण दाट. तीनशे कणांत चिपी एकशे सत्तावीस. चौसष्ट कांदळ. उरलेल्यांत खाडीकाठच्या नेच्याचे बीजाणू.

संध्याकाळी मॅडमना फोन केला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे सत्तावीस. तीनशेत."

त्यांनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाल्या, "बाबलनं तिथल्या माणसाकडून खोली विचारून घेतली होती. नव्वद सेंटिमीटरला काळा चिखल सुरू होतो म्हणे. तो खांब आपल्या जागेला लागूनच आहे."

मी समोरची काचपट्टी डबीत ठेवली.

"खडक होता ना ग, पूर्वा?"

"नव्हता, मॅडम."

"तेव्हा माहीत होतं?"

"पाइप वर काढला तेव्हा खालच्या तोंडात शिंपल्यांचा चुरा अडकला होता. पांढरा. मी तो अंगठ्यानं काढून पाण्यात टाकला. मग झाकण लावलं."

आजवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही असं सरळ वाक्यात नाही. तो चुरा पाण्यात पडताना चकाकला होता. काकी दोरी गुंडाळत होती, तिची पाठ माझ्याकडे होती.

"त्या अहवालावर सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "समितीला मी पत्र लिहीन, तूही लिही. त्यानं आता काय होणार ते मला माहीत आहे, पण लिहायचं. त्या बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी ते."

*

मे महिन्यात मी सुरंगवाडीला गेले. एस.टी.च्या थांब्यावर बाबल घ्यायला आला होता. होडी विकून तो आता जेटीवर दोर बांधायच्या कामाला होता.

"ओकलात काय घाटात?" तो म्हणाला. मग त्याचं हसू गेलं. "तिच्याकडे जातलात? जपान बोला. वाडीत तिका जागेवाली म्हणतत."

"काय?"

"जागेवाली. जेटी झाली, बायकांची जागा गेली. आता सगळी टेम्पोन दहा मैल लांबच्या खाडयेक जातत. थयच्यो बायको हेंका धड उभ्यो करून घेयत नाय, भांडाणा होतत. मगे राग कोणार काढतली? शेवंतेन जागा चुकीची दाखवल्यान म्हणान झाला सगळा. कागदातच लिवलेला आसा मा तसा? ती गेली दोन वर्सां जायतच नाय त्यांच्यावांगडा."

पुढची वाट मी एकटीनं चालले.

काकी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. दुखऱ्या पायाला चिंध्या बांधल्या होत्या. मला ओळखायला तिला क्षणभर लागला, मग तोंडभर हसली.

"पूर्वा! किती बारीक झालंस गो! बस, बस. पाणी हाडतंय."

"पाणी नको, काकी. बसा तुम्ही."

ती बसली आणि मी काही बोलायच्या आत तिनंच सुरू केलं. ती जणू तीन वर्षं माझीच वाट बघत होती.

"तुजे चार दिस उगीच फुकट घालवलंय बाय मी. पोटातला सगळा ओकलंस, आणि मी जागा दाखवलंय ती भलतीच. टाच म्हातारी झाली. इकडे तिकडे झाला असात चार हात." तिनं एक आमसूल उलटं केलं. "नायतर सासूच खोटा सांगी, कोण जाणा. रातची निजल्यार इचार करतंय. मी बघलेली ती दोन झाडा तरी चिपीची होती, की दुसरीच कसली..."

"काकी."

"असांदे. झाला ता झाला."

"काकी, जागा बरोबर होती."

तिचा हात थांबला.

मी सांगितलं. बरणीतला चिखल, एकशे सत्तावीस, सगळं. तिनं म्हटलं होतं तसंच वर रेती, मग खुबे, मग काळा चिखल. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता, आणि मला ते बघवेना, कारण पुढचं सांगायचं राहिलं होतं. मग तेही सांगितलं. शिंपल्यांचा चुरा. खडक होता का असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं ते. अठरा सेंटिमीटर कमी पडले होते, हे मी बोटांनी दाखवलं. एक वीतही भरत नव्हती.

काकीनं त्या अंतराकडे बघितलं. मग उरलेली आमसुलं एकेक करून मांडली, सगळी संपेपर्यंत. हात लुगड्याला पुसले आणि उठली.

"चल."

"कुठं?"

"टेम्पोची वाट बघतत सगळी नाक्यार. त्यांका सांग. माका एकटीक सांगान काय?"

तिनं माझं मनगट धरलं होतं. पकड घट्ट होती.

नाक्यावर कठड्याला टेकून दहा-बारा बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. आम्हाला बघून बोलणं थांबलं. भागी नावाची एक धिप्पाड बाई म्हणाली, "ही कोण गो, जागेवाली? सुटबुटातली पावणी?"

"ती मातीवाली," काकी म्हणाली आणि तिनं माझं मनगट सोडलं. "बोल."

मी बोलायला लागले. "त्या वेळी जो नमुना घेतला त्याची खोली अपुरी होती आणि खालच्या थरापर्यंत..."

"आमका कळात असा सांग," भागी म्हणाली.

मी श्वास घेतला. "जागा बरोबर होती. काकींनी दाखवली ती जागा अगदी बरोबर होती. मी अर्ध्यावर थांबले. खाली खडक आहे असं मी खोटं सांगितलं. खाली शिंपले होते, आणि त्याच्याखाली चिपीचं रान होतं. त्या म्हणत होत्या, अजून खाली घाल. मी ऐकलं नाही."

लांब जेटीवर कसलं तरी लोखंड आपटल्याचा आवाज आला.

"मगे आता काय जेटी उपटतलंस?" भागीनं विचारलं. मागची एक तरुण बाई हसली आणि लगेच गप्प झाली.

"नाही. ते आता होणार नाही."

"मगे कित्याक सांगूक इलंस?"

माझ्याऐवजी काकीच बोलली, पण माझ्याकडे न बघता.

"आयकलंस मा, भागी? माझी सासू खोटा नाय सांगी."

भागीनं खाली बघितलं. मग आपली टोपली कठड्यावरून उचलून खाली ठेवली आणि मोकळी झालेली जागा हातानं झाडली. "बस गो शेवंते," ती म्हणाली. "उभी कित्याक?"

काकी बसली नाही. टेम्पो आला. बायका चढल्या, एकीनं दुसरीला हात दिला, टोपल्या वर गेल्या. भागी शेवटी चढली आणि फळी लावण्याआधी वाकून म्हणाली, "येतंस?"

"टोपली नाय हाडूक."

"माझी धाकली घे."

"उद्या बघूया," काकी म्हणाली.

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत ती तिथंच उभी होती. मग लुगड्याचा पदर खोचून घराच्या वाटेला लागली. मी तिच्या मागं चार पावलं गेले.

"समितीला मी सगळं लिहून देणार आहे, काकी. तुमचं नाव घालून. जानकीबाईंचंही."

"लिव्ह," ती चालता चालता म्हणाली.

तिचा पाय जरा ओढत होता. मी थांबले. माझी परतीची गाडी अजून दीड तासानं होती, आणि तिच्या अंगणात बसून काढता येईल असा तो दीड तास नव्हता, हे मला कळलं होतं.

"येते मी, काकी," मी मोठ्यानं म्हणाले.

ती थांबली. वळली मात्र नाही.

"जा," ती म्हणाली.